मी न सांगितलेलं पथ्य

मन्मथ,

तुम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण बसवलेल्या माणसाला कुणीतरी मागून धरावं लागतं, हे मला तुझ्या वेळी कळलं. कपाळाला भस्म लावून झालं, गळ्यात बेलाची माळ घातली, खुर्ची ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवली आणि तुझी मान सारखी डावीकडं कलायला लागली. तुझे चुलतभाऊ बांधायला कापड शोधायला लागले. तेव्हा महानंदावहिनी पायरीवरून म्हणाली, "कापड कशाला? उत्तमभाऊजीला धरू द्या." दोन-चार माना माझ्याकडं वळल्या, पण त्या वेळी तुझ्या बायकोपुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. मी ट्रॉलीत चढलो, मागून तुझ्या काखांत हात घातले आणि पालमच्या बाजारपेठेतून तुझ्या शेतापर्यंत तुला धरून बसलो.

तुझा दंड माझ्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात मावला. मी बोटं सोडून पुन्हा लावून बघितली. मास्तर माणूस, पडताळल्याशिवाय विश्वास बसत नाही. हमालाची वाट न बघता पन्नास किलोचा कट्टा पाठीवर टाकणारा तू. सदऱ्याची बाही दंडाला आवळते म्हणून शिंप्याला शिव्या देणारा तू. वाटेत लोक म्हणत होते, "मन्मथअप्पाला आजारानं पार खाऊन टाकलं." मी मान हलवत होतो. आजारानं खाल्लं, हे खरंच आहे. पण तुला जे खायला मिळायला हवं होतं ते का मिळालं नाही, हे पालममध्ये फक्त एका माणसाला माहीत आहे, आणि तो तुला मागून धरून बसला होता.

म्हणून लिहितोय. तू गेल्याला आज अकरा दिवस झाले. तुला सांगायचं एक वाक्य मी चौदा महिने गिळून बसलो. आता सांगून काही उपयोग नाही, हे मला कळतं. तरी सांगतो.

सुरुवात तुझ्या किडन्यांनी केली, पण घोळ मी घातला. वीस वर्षं तू साखर अंगावर काढलीस. मग पाय सुजले तेव्हा आपण परभणीला गेलो. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि घाईघाईनं, निम्मं इंग्रजीत सांगितलं की किडन्या थकल्यात, त्यांच्यावरचा भार हलका करायचा, प्रोटीन कमी करा. तू माझ्याकडं बघितलंस. दवाखान्यात, बँकेत, तहसीलात, जिथं म्हणून कागद पुढं यायचा तिथं तू असाच माझ्याकडं बघायचास. बाहेर आल्यावर विचारलंस, "काय म्हणला त्यो?"

"डाळ खायची न्हाई."

"आन?"

"शेंगदाणे, हरभरे, मटकी, पनीर. काईच न्हाई. दूध अर्धा कप."

"मंग खाऊ काय? तुजं डोस्कं?"

डॉक्टर 'कमी' म्हणाले होते. मी घरी येऊन लिहिलं 'बंद'. हे मी मुद्दाम केलं. तुझ्या घरात 'कमी' या शब्दाला काडीची किंमत नव्हती. मागं 'गोड कमी' सांगितलं होतं तेव्हा तू सहा पुरणपोळ्यांवरून चारवर आलास आणि गावभर सांगत फिरलास की माझा परेज चालू आहे. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, लाल पेननं, फळ्यावर लिहितो तसल्या अक्षरात मी यादी केली आणि प्रत्येक नावापुढं 'बंद' लिहिलं. वहिनीनं ती स्वयंपाकघरात चिकटवली. ती चौथीपर्यंत शिकलेली. भाऊजीनं लिहिलंय म्हटल्यावर तिच्यासाठी विषय संपला.

तीन वर्षं ती यादी पाळली. आणि कुणी पाळली? डाळीच्या व्यापाऱ्यानं! तूर, मूग, हरभरा, उडीद अशा पोत्यांच्या मधोमध तुझी गादी. सगळ्या पालमच्या घरातलं वरण तुझ्या तराजूतून जायचं. त्यात तुम्हा भुसारवाल्यांची ती जुनी खोड. मूठभर डाळ उचलायची, चार दाणे दाढेखाली फोडायचे आणि आवाजावरून सांगायचं, माल वाळलाय की ओला आहे. मी शाळा सुटल्यावर दुकानात येऊन बसायचो आणि तुझी दाढ हलली की ओरडायचो, "थुक!" गिऱ्हाइकं हसायची. तू थुंकायचास आणि म्हणायचास, "चार दाण्यानं मरतो का बे मी?" मी म्हणायचो, "चाराचे चाळीस करणारा माणूस हायेस तू." ताटात भाकरी, भात आणि दोनदा उकळून पाणी फेकून दिलेली भाजी. त्या भाजीला काय चव लागत असेल, मी कधी खाऊन बघितली नाही.

ते पथ्य तेव्हा चुकीचं नव्हतं, हेही लिहून ठेवतो. किडन्यांनी तीन वर्षं निभावून नेलं ते त्यामुळंच, असं डॉक्टर म्हणाले होते. मला केवढा अभिमान वाटला होता. परत आल्यावर मी वहिनीला म्हणालो, "बघा, मास्तरचं ऐकलं की असं असतंय." ती रडायला लागली होती आनंदानं.

मग किडन्या थांबल्याच. मंगळवार आणि शुक्रवार डायलिसिस ठरलं. मी नुकताच निवृत्त झालो होतो. तू म्हणालास, "आता तुला काय काम हाय? चल." असलं तुझं आमंत्रण. सकाळची पहिली एसटी, गंगाखेडला चहा, माझा पूर्ण आणि तुझा दोन घोट, गोदावरीचा पूल आणि मग परभणी. पाणी मोजून प्यायचं होतं म्हणून तू वेलदोडा चघळत बसायचास आणि शेजारच्या प्रवाशाला तूर कधी विकावी याचा सल्ला द्यायचास. चार तास तू मशीनवर, मी बाहेर बाकावर. ते चार तास सोडले तर मला ते दिवस आवडायचे, मन्मथ. लाज वाटते सांगायला, पण आवडायचे. शाळेच्या वयानंतर आपण दोघं इतके सलग कधी एकत्र बसलो नव्हतो.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला आहाराच्या बाई बाकापाशी आल्या. लहानखुऱ्या, चष्मा लावलेल्या, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. घरी काय खातात, असं त्यांनी विचारलं. मी ताठ बसून सांगितलं. डाळ बंद, दाणे बंद, दूध अर्धा कप, तीन वर्षं झाली. बाईंनी कपाळाला हात लावला.

"सर, ते आधीचं झालं. मशीन सुरू झालं की उलटं असतं. रक्त स्वच्छ करताना अंगातलं प्रोटीनसुद्धा थोडं निघून जातं. ते रोज भरून काढावं लागतं, नाहीतर शरीर स्वतःचंच मांस खायला लागतं. वाटीभर घट्ट वरण द्या. डाळ भिजवायची आणि ते पाणी टाकून द्यायचं. थोडं पनीर द्या. आणि सगळ्यांत चांगलं म्हणजे अंड्याचं पांढरं. बलक काढायचा. रोज दोन-तीन अंड्यांचं."

"ते लिंगायत आहेत, मॅडम," मी म्हणालो. "घरात अंडं येत नाही."

"औषध म्हणून घेतात बरेच जण. तुम्ही विचारा तरी."

एवढं बोलून त्या पुढच्या बाकाकडं गेल्या. विचारा तरी. एवढंच काम होतं माझ्याकडं.

परतीच्या गाडीत मी तुला सांगितलं, पण अर्धंच सांगितलं. डाळ आता चालते, पनीर चालतं, उलट खायलाच पाहिजे, असं म्हणालो. तू खिडकीकडं तोंड करून बसला होतास, हाताला पट्टी बांधलेली. वळलास आणि इतक्या जोरात हसलास की कंडक्टर बघायला लागला.

"तीन साल माज्या ताटातली डाळ काढलीस, तोंडातली थुकाय लावलीस. आन आता म्हणायलास, खा?"

"बाईनं सांगितलंय."

"तवा डॉक्टरनं सांगितलं, आता बाईनं. उंद्या चपराशी सांगल. 'बंद' तूच लिवलास ना? का तुजंच अक्षर तुला वाचना गेलंय?"

"तवाचं येगळं होतं. आताचं येगळं हाय."

"माणूस तर त्योच हाय की," तू म्हणालास आणि पुन्हा खिडकीकडं वळलास.

हे भांडण तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी चालू राहिलं, कधी हसत, कधी खरोखरचं, आणि ते तसंच अर्धं सोडून तू निघून गेलास.

मी जुनी यादी काढून नवी लिहिली. पण तीन वर्षांची दहशत कागद बदलल्यानं जात नाही. वहिनी डाळ शिजवायला लागली, पण तुला वाढायची ते वरचं पाणी. पातेलं ढवळायचं नाही, पळी अलगद बुडवायची आणि पिवळं निवळ पाणी तेवढं वाटीत घ्यायचं. मी बोललो तर म्हणायची, "ताकद समदी पाण्यातच उतरती की भाऊजी. खालचं जड पडंल त्याईला." तिच्या आईनं तापकऱ्याला आणि बाळंतिणीला हेच दिलं, माझ्याही आईनं दिलं. आपल्याकडं आजाऱ्याला डाळीचं पाणी आणि धडधाकट माणसाला डाळ, हा रिवाजच आहे. मी समजावलं की ताकद त्या जड पडणाऱ्यातच आहे. ती माझ्यासमोर घट्ट वाढायची आणि माझी पाठ वळली की पाणी. तुलाही पाणीच सोयीचं होतं, कारण तोंडाची चव गेली होती. पनीर दोन दिवस खाल्लंस आणि तिसऱ्या दिवशी ताट सरकवलंस.

राहिलं अंडं. ते मी बोललोच नव्हतो.

का बोललो नाही, ते तुला ठाऊक आहे. आपण त्यावर चाळीस वर्षांत एक अक्षर काढलं नाही. आज मी काढतो. आपण परभणीला अकरावीत होतो. स्टेशनजवळ गाडा लागायचा. तू म्हणालास, "उत्तम, आज खायचंच." मी नको म्हणालो. तूच डबल आम्लेट मागितलंस, माझ्या पुढचा पावही ओढलास आणि हिरवी मिरची दाताखाली आली म्हणून रस्त्यावर नाचलास. इतक्या आनंदानं खाताना मी आजवर कुणाला बघितलं नाही. तुमच्यातल्याच कुणीतरी बघितलं आणि गावात सांगितलं. रविवारी आपण पालमला आलो तर तुझे अप्पा आमच्या वस्तीत आले. आयुष्यात एकदाच आले. माझे वडील तुमच्याच दुकानावर हमाल होते. अप्पा दाराबाहेर उभं राहून म्हणाले, "लक्ष्मण, तुज्या पोरानं माजं पोरगं बाटवलं."

वडिलांनी मला विचारलंसुद्धा नाही. डोक्याचा रुमाल काढला, हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं मालक. लेकराचं चुकलं." तू अप्पांच्या मागं उभा होतास. मी तुझ्याकडं बघत होतो आणि तू जमिनीकडं. 'मीच मागितलं' एवढे दोन शब्द होते. तू ते बोलला नाहीस.

अप्पा गेल्यावर वडील मला म्हणाले, "त्याच्यासंगं ऱ्हा, शिक, खेळ. पर आपल्या हातचं त्याच्या तोंडाला लावू नगंस. उंद्या त्याला नुसती वकारी झाली तरी नाव आपलंच येतंय." आठ दिवसांनी तू वर्गात माझ्या शेजारी येऊन बसलास आणि गणिताची वही मागितलीस. मी दिली. तिथं ते प्रकरण संपलं, असं आपण दोघांनी ठरवून टाकलं.

अन्याय नको म्हणून हेही लिहितो. माझे वडील गेले तेव्हा विहारात पुण्यानुमोदनाला तू आलास. निम्मी बाजारपेठ रस्त्यावरून बघत होती. तू आमच्या पंगतीत मांडी घालून बसलास आणि वाढप्याला सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणालास, "वरण वाढा की. लाजता कामून?" चार वाट्या प्यायलास. तुझे अप्पा तेव्हा जिवंत होते. तुझं ते माफी मागणं होतं, हे मला तिथंच कळलं. उठून बाहेर गेलो आणि एकटाच रडून आलो. तुझे आभार मानायचे मात्र राहून गेले. आज मानतो, मन्मथ. फार मोठं काम केलंस तू त्या दिवशी.

म्हणजे तुझ्या बाजूनं काही अडत नव्हतं. भीती माझ्याकडंच राहिली होती. निवृत्त मुख्याध्यापक, सगळ्या गावाला विज्ञान शिकवलेला माणूस, आणि मनात मात्र एकच: लोक म्हणतील, उत्तमनं मन्मथला मरता मरता बाटवलं. अंडं खाऊन तू सुधारलास तर डॉक्टरचा हातगुण, आणि गेलास तर माझं नाव. वडिलांचं ते वाक्य मी इतकं पाठ केलं होतं की त्यात वडील राहिलेच नव्हते, नुसती भीती राहिली होती.

आणि गंमत बघ. शाळेतल्या शेवटच्या वर्षी पोषण आहारात अंडी आली. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांना केळं. मी स्वतः रांगेपुढं उभा राहायचो आणि एकेका लेकराला विचारायचो, "अंडं का केळं?" तुमच्यातली पोरं केळं घ्यायची, कुणी म्हणायचं, "गुरुजी, आज अंडं द्या, घरी सांगू नका." मला कधी जड गेलं नाही. शेकडो पोरांना विचारलं. एका माणसाला विचारता आलं नाही.

दर महिन्याला रक्त तपासायचे. त्यातलं ते प्रोटीन, बाई त्याला अल्ब्युमिन म्हणायच्या, दर महिन्याला खाली. बाई विचारायच्या, "अंडी देताय ना, सर?" पहिल्या वेळी मी म्हणालो, "चालू केलंय." का म्हणालो, मला अजून नीट सांगता येत नाही. विचारायचीच हिंमत झाली नाही, हे एवढ्याशा पोरीपुढं कबूल करायला लाज वाटली असेल. एकदा खोटं बोललं की तेच पुढं चालवणं सोपं असतं. "चालू आहे, मॅडम." त्या बिचाऱ्या रिपोर्ट हातात घेऊन विचारात पडायच्या. आणखी तपासण्या करायला लावल्या, पावडर लिहून दिली. ती तू दोनदा घेतलीस आणि दोनदा ओकलास. जे तुझ्या पोटात कधी गेलंच नव्हतं ते लागू का पडत नाही, हे ती पोर शोधत बसली होती.

आता त्या शुक्रवारचं. दिवाळीच्या आधीचा शुक्रवार. दवाखान्यातून तू चालत निघालास, रिक्षा नको म्हणालास. स्टँडच्या अलीकडं कोपऱ्यावर गाडा होता, तव्यावर आम्लेट पडलं होतं. तू थांबलास. मला वाटलं, दम लागला. तू म्हणालास, "वास लय चांगला यायलाय गड्या." आणि माझ्याकडं बघितलंस. कागद पुढं आल्यावर बघायचास ना, तसं बघितलंस. मला सगळं कळलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तू ती गोष्ट काढत होतास. मी नुसतं 'खातोस का' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "चल, गाडी सुटंल."

गाडीला अजून पाऊण तास होता. तो पाऊण तास आपण स्टँडच्या बाकावर शेजारी शेजारी बसून काढला आणि तू पुन्हा काही बोलला नाहीस.

मला तुझा रागही येतो, मन्मथ. दुकानात दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. भावापासून भविष्यापर्यंत सगळ्यावर तुझं मत. आणि ज्या दोन वेळी बोलायला हवं होतं त्या दोन्ही वेळी तू गप्प. मशीनच्या खोलीत शेजारची माणसं डबे उघडून उकडलेली अंडी खायची, तू बघत नव्हतास का? मग तुला काहीच कसं वाटलं नाही? की सगळं कळत होतं आणि मी हात पुढं करावा म्हणून तू थांबला होतास? एकदा याला माझ्यापायी खाली मान घालावी लागली, आता पुन्हा कशाला सांगू, असं तर तुझ्या मनात नव्हतं? तसं असेल तर आपण दोघं महामूर्ख निघालो. एकमेकांचा मान राखता राखता तू वाळून गेलास.

हिवाळ्यात तुझी गालफडं आत गेली. एसटीच्या पायरीवर मी मागून ढकलल्याशिवाय तुला चढता येईना. दुकानात तू मापट्यानं डाळ मोजायला उठायचास आणि पुन्हा बसायचास. मग थंडी वाजून ताप आला आणि चौथ्या दिवशी संपलं. डॉक्टर म्हणाले, "लढायला अंगात काही शिल्लकच नव्हतं." ते पुष्कळांना असं म्हणत असतील. अंड्यानं तू वाचलाच असतास असंही कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. साखर होती, हृदय थकलेलं होतं. कदाचित सहा महिने जास्त मिळाले असते, कदाचित नसते. या विचारानं मला बरं वाटावं म्हणून मी तो रोज करतो आणि रोज 'विचारा तरी' इथं येऊन अडकतो.

परवा तुझी शिवगणाराधना झाली, तुझ्या नावाच्या पंगती उठल्या. तुझ्या लोकांनी मला पहिल्या पंगतीला बसवलं, वहिनीनंच सांगितलं असणार. काल सकाळी मी पुन्हा घरी गेलो. वहिनी ओसरीत एकटीच बसली होती. मला बघून पदर सावरला आणि या म्हणाली. मग ती खाली बघत म्हणाली, "परवा माजी मावसबहीण आलती नांदेडची. तिच्या दिराला बी मशीन लागलेली हाय. ती म्हणली, त्याला रोज अंडी देतेत. डॉक्टरच सांगतेत म्हणं."

मग तिनं मान वर केली.

"भाऊजी, आपल्याला सांगितलं हुतं का तसं काई?"

"कामून विचारायलाव वहिनी?"

"मी दिली असती," ती म्हणाली. "न्हाणीपाशी येगळी चूल मांडली असती आन उकडून दिली असती. गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणले असते, देवा, पाप लागतंय तर मला लाव, त्याईला लावू नको. माणसापरीस काय मोठं हाय का? पर मला कोणी सांगितलंच न्हाई. का सांगितलं हुतं आन मीच इसरले? माज्या हातून काई ऱ्हायलं का भाऊजी? बहिणीनं सांगितल्यापासून डोळ्याला डोळा न्हाई माजा."

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. तुझ्या घरातलं प्रत्येक पथ्य माझ्या तोंडून आलं होतं आणि तिनं ते पाळलं होतं. या वेळीही मी जे सांगेन ते ती पाळणार होती. खरं जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "न्हाई वहिनी. आपल्याला तसं काईच सांगितलं नव्हतं."

तिनं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. "मंग बरं," ती म्हणाली. "तुमी म्हणलाव म्हणजी खरं. मी उगं दुसऱ्याचं ऐकून जीव जाळून घ्यायले." इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला. मी उठलो तर जाऊ देईना. आत गेली, गरम भाकरी आणि पिठलं ताटात घेऊन आली, वर कच्चं तेल सोडलं आणि समोर बसली.

"खावा भाऊजी," ती म्हणाली. "तुमी बी लय वाळलाव, त्याईच्या मागं पळून पळून."

मी खाल्लं, मन्मथ. मागून घेऊन खाल्लं.